बसाप्पाची पिशवी

“ओत.”

बसाप्पाअण्णांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द हा. ना नमस्कार, ना नाव-गाव. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या दोरखंडाच्या दुकानात जमिनीवर एक जुनी ताडपत्री अंथरली होती आणि तिच्या कडेला हा ठेंगणा, काळासावळा, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे ओढलेला माणूस उकिडवा बसला होता. मी पाठीवरची भलीमोठी पिशवी उतरवून बावळटासारखा उभा. “ओत म्हंटलं की. सगळं खाली ओत. लाजतोस काय, नवरीगत?”

मी ओतलं. पेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. नव्वद सालानंतरची गोष्ट. लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढून कंटाळलेलो, म्हणून ओळखीतले शिकारी सर्जेराव ‘चल रानात’ म्हणाले तेव्हा घरातलं होतं नव्हतं ते पिशवीत कोंबलं होतं. दोन कॅमेरे, भिंगं, तिपाई, स्वेटर, छत्री, थर्मास, बायकोनं दिलेला चिवड्याचा डबा, झोप नाही आली तर वाचायला एक जाडजूड कादंबरी. अण्णा एकेक वस्तू दोन बोटांत धरून उचलत आणि मेलेली पाल टाकावी तशी बाजूला करत. “हे बिडु. हे बी बिडु.” अण्णा मूळचे शिरोळकडचे, घरात अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. बिडु म्हणजे सोड, राहू दे. जे न्यायचं त्याला ते ‘ठेव’ म्हणायचे आणि ते पिशवीत जायचं. तिपाई हातात घेऊन त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला घाम फुटला. “ही कशाला? डुक्कर काय केस विंचरून फोटोला हुबं ऱ्हातंय व्हय?”

शेवटी माझ्याजवळ उरलं एक कॅमेरा, एक चादर आणि पाण्याची बाटली. चिवड्याच्या डब्याकडं मी केविलवाणं बघत होतो. “चिवडा ठेव,” अण्णा म्हणाले, “त्यो काय वझं न्हवं. त्यो वाटंतच संपतोय.” आणि संपला. निम्मा त्यांनीच संपवला. तेव्हापासून माझं नाव ‘फोटो’ पडलं, ते त्यांच्या शेवटपर्यंत.

आता शिकार म्हटलं की लोक भुवया चढवतात आणि चढवायलाच हव्यात. पण हे हौसेनं हरणं मारणारे लोक नव्हते. भुदरगडच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. हातातोंडाशी आलेलं भात नि ऊस एका फेऱ्यात नांगरल्यासारखा करून टाकायची. शेतकरी अर्ज-विनंत्या करून परवाना काढायचा आणि मग बंदूकवाल्याला बोलवायचा. आमचा बंदूकवाला म्हणजे सर्जेराव. तालमीतला जुना गडी, दारातून आत आला की खोली लहान वाटावी एवढा. बाराबोरची बंदूक त्यांच्या वडिलांपासूनची, रीतसर लायसनची. त्यांच्याबरोबर उचगावचा दत्तू, वर्कशॉपमधला फिटर. बायको, दोन मुलं, थकलेली आई, सगळं एकट्याच्या पगारावर ओढणारा सरळ माणूस. मी शेपूट. आणि काय न्यायचं, काय मागं टाकायचं हे ठरवणारे अण्णा.

गंमत अशी की अण्णा लिंगायत. गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, अंड्याला सुद्धा शिवणार नाहीत. बंदुकीला त्यांनी आयुष्यात हात लावला नाही. डुक्कर पडलं की ते पाठ फिरवून लांब ओढ्यावर जाऊन बसायचे आणि दही-भाकरी खायचे. त्यांच्या भाऊबंदांत यावरून कुजबुज चालायची. मी एकदा विचारलंच, “अण्णा, तुम्ही येता कशाला?” तर म्हणाले, “शिकार तुमची, रान माझं. आनि सर्जाला एकट्याला सोडला तर त्यो घरातलं कपाट बी पाठीवर घीऊन जाईल.” तेही खरं होतं. सर्जेराव आणि ते लहानपणापासूनचे दोस्त. सर्जेरावांच्या बायकोला, वहिनींना, ते अक्का म्हणत. रानात जायचं असलं की वहिनी अण्णांसाठी वेगळ्या तव्यावर दशम्या भाजून द्यायच्या. तो तवा त्या घरात फक्त अण्णांसाठी होता, त्याला मटणाचा वारा लागू द्यायच्या नाहीत.

हे सगळं आज का सांगायला बसलो? पेठेत एक बोलणं पडलंय म्हणून. नको तिथं कुणी काटकसर केली, गॅलरीला कठडाच लावला नाही किंवा गाडीला ब्रेक नवीन घातला नाही की कोपऱ्यावरची पोरं म्हणतात, “झाली बसाप्पाची पिशवी!” परवा माझ्याच स्टुडिओत एक पोरगा हे बोलला आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. बसाप्पा कोण, पिशवी कसली, त्याला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एकेक करून गेली. दत्तूही गेल्या साली गेला, त्याची मुलं नोकरीला बाहेर आहेत, शहाणी आहेत. मी अण्णांना शब्द दिला होता की बोलणार नाही. पण तो शब्द ज्याच्यासाठी होता तो माणूसच आता राहिला नाही.

तर अण्णांची रीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी ताडपत्री, तिच्यावर प्रत्येकाची पिशवी ओतायची. मग त्यांचे ठरलेले प्रश्न. “हे न्हाय नेलं तर मरतोस काय?” नाही म्हटलं की बिडु. “हे वाडीत मिळतंय काय?” मिळतं म्हटलं की बिडु. “हे कुणासाठी घ्यालायस, रानासाठी का बायकूला दावायला?” तिथं बहुतेकजण वस्तू स्वतःच बाजूला सारायचे. सर्जेरावांनी एकदा नवीकोरी दुर्बीण आणली होती. पोराचं खेळणं लपवावं तशी कोटाखाली लपवली होती. अण्णांनी ती काढून दुकानाच्या फळीवर ठेवली आणि वर म्हणाले, “तुझा डोळा धा हातावरल्या जिलबीवर बरोबर पडतोय. दुर्बीण कशाला लागती?”

हे वेड त्यांना कृष्णेनं लावलं होतं. लहानपणी शिरोळकडं पूर आला, पाणी रात्रीतून दारात आलं. वडील म्हणाले, डोक्यावर मावतंय तेवढंच घ्या आणि चला. शेजारचा एकजण निघाला, निम्म्या वाटेवरून ट्रंकेसाठी परत फिरला. ट्रंक नंतर बाभळीला अडकलेली सापडली. “ट्रंक घावली,” एवढंच अण्णा सांगायचे. पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती.

पण एक वस्तू त्यांच्या तावडीतून कायम सुटायची. सुटायची म्हणजे काय, तीच सगळ्यात आधी भरायची. एक खाकी पिशवी. तिच्यात फाडलेल्या स्वच्छ धोतराच्या पट्ट्या, कापूस, टिंक्चरची बाटली आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या लांब पट्ट्या. हातापायाला मोठी जखम झाली तर वर आवळून बांधायला. ट्यूब ओली झाली तरी सुटत नाही, असं ते म्हणायचे. इतक्या वर्षांत ती एकदाही लागली नव्हती. सर्जेराव एकदा चेष्टेनं म्हणाले, “बसू, ही कधी लागती रे? हिलाच बिडु कर की.” अण्णा उठले, पिशवी गळ्यात अडकवली आणि म्हणाले, “ही ऱ्हाणार. तुला बिडु करतो. बस घरात.” सगळे हसलो. पण अण्णा हसले नव्हते.

आता एक शब्दाची भानगड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर्जेराव शकुन-अपशकुनाचे भलतेच. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आपण सगळेच पाळतो. दिवा विझवला म्हणत नाही, बांगडी फुटली म्हणत नाही. सर्जेरावांचं त्याच्याही पुढं. रानात जाताना मागं टाकलेल्या वस्तूला ‘सोडली’ किंवा ‘टाकली’ म्हणायचं नाही, अभद्र. म्हणायचं ‘ठेवली’. ठेवली म्हणजे परत येऊन घ्यायची आहे. दत्तू त्यांच्या हाताखाली तयार झालेला, त्याच्या तोंडी तेच बसलेलं. चादर ठेवली म्हणजे चादर खोपीत राहिली, वाडीत राहिली. आणि अण्णा सोडायच्या वस्तूला बिडु म्हणणारे. त्यांच्या तोंडी ठेव म्हणजे पिशवीत घाल. एकाच टोळीत एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ वर्षानुवर्षं सुखानं नांदत होते. कधी अडलं नाही, कारण पिशव्या भरायचं काम अण्णा स्वतःच्या हातानं करायचे. मराठी शब्दच असा आहे हो. पैसे ठेवले म्हणजे खिशात ठेवले की घरी ठेवले, सांगा बघू!

ती शेवटची खेप. पाऊस सरला होता, भात पिवळं पडायला लागलं होतं. वाडीचा शेतकरी स्वतः कोल्हापूरला आला, चेहरा उतरलेला. कुणीतरी चोरून डुकरावर गोळी घातली होती आणि ते जखमी होऊन घळीत शिरलं होतं. मोठं, एकटं फिरणारं. त्यानं बांधावर चरणाऱ्या बैलाचं पोट फाडलं होतं. बाया शेतात जायला तयार नव्हत्या. सर्जेरावांनी तिथल्या तिथं बंदुकीला तेल घातलं.

अण्णांनी ताडपत्री अंथरली, पण कुणालाच ‘ओत’ म्हणाले नाहीत. मग म्हणाले, “सर्जा, ह्या खेपंला रानच बिडु की.”

“का रे? भ्यालास?”

“भ्यालो,” अण्णा म्हणाले. “जखमी जनावर, उभी घळ, वर तुजं वय. फॉरेस्टवाल्यास्नी सांगू, ते बघून घेतील.”

सर्जेराव मोठ्यानं हसले. वहिनी दशम्यांचं फडकं घेऊन दारात आल्या होत्या, त्यांनाही ते ऐकू आलं. त्यांनी नवऱ्याकडं एकदा बघितलं, अण्णांकडं एकदा बघितलं. “अण्णा, तुम्ही हायसा न्हवं संगट?” एवढंच विचारलं. अण्णा म्हणाले, “हाय अक्का.” ते दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

वाडीत पोचलो तो मुक्काम शेतकऱ्याच्या खोपीत. सकाळी उजाडल्यावर हाका निघायचा होता. गावची माणसं वरून डबे वाजवत डुकराला खाली हाकणार, सर्जेराव घळीच्या तोंडाशी बंदूक घेऊन उभे राहणार आणि आम्ही तिघं त्यांच्या मागं कातळावर. घळ उभी होती, दगड निसरडे होते. म्हणून अण्णांनी आधीच सांगून टाकलं होतं, “आज हलकं जायाचं. हात मोकळं पायजेत.” चादरी, दोर, जेवण, माझा कॅमेरा, सगळ्याचं बिडु झालं होतं. वाऱ्याची दिशा बदलली म्हणून अण्णा, सर्जेराव आणि शेतकरी बाहेर अंगणात वाद घालत होते. दत्तू आत सामानाजवळ होता. मी उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होतो, म्हणजे बरोबर दोघांच्या मधे.

अण्णांनी बाहेरून मान न वळवता हाक दिली, “दत्तू, पट्ट्यांची पिशवी ठेव रं आधी!”

आतून दत्तू ओरडला, “ठेवली, अण्णा!”

झालं. दोघांचंही समाधान झालं. मलाही काही वावगं वाटलं नाही. दत्तूनं पिशवी खुंटीला नीट अडकवली, वर फडकं घातलं, धूळ बसू नये म्हणून. आणि आम्ही निघालो. निघताना सर्जेराव खोपीकडं वळून म्हणाले, “येतो गं आई.” कुणाला म्हणाले कोण जाणे.

सकाळ विलक्षण शांत होती. एरवी कातळावर बसलं की भारद्वाज ओरडतो, वानरं खोकतात. त्या दिवशी वरचे डबे वाजायला लागेपर्यंत पान हललं नाही. अण्णा माझ्या शेजारी होते. त्यांचा हात गळ्यातल्या पेटीवर होता आणि ओठ हलत होते. मी त्यांना म्हणालो, “अण्णा, होईल सगळं नीट.” ते म्हणाले, “फोटो, गप बस.”

डुक्कर आलं ते समोरून आलंच नाही. वरून हाकलेलं जनावर खाली यायचं सोडून आडव्या करवंदीत दबा धरून बसलं होतं. सर्जेरावांच्या डाव्या हाताला, पाच-सात पावलांवर असेल. आवाज आला तो फांद्या मोडल्याचा. बंदूक वळेपर्यंत ते अंगावर आलं होतं. एक बार उडाला. डुक्कर पडलं, पण पडायच्या आधी त्यानं मान वर उचलली होती. सर्जेराव बसल्यासारखे खाली बसले आणि आश्चर्य वाटल्यासारखं स्वतःच्या मांडीकडं बघायला लागले. सुळा गुडघ्याच्या जरा वर शिरून मांडी फाडत गेला होता. रक्त उसळ्या मारत होतं. मी जन्मात तसं रक्त बघितलं नव्हतं.

अण्णा कातळावरून घसरत, ठेचकाळत सगळ्यात आधी पोचले. मुठीनं जखम दाबली. “दत्तू, पिशवी!”

दत्तू मोकळ्या हातानं पुढं आला.

“पिशवी दे रं!”

“अण्णा, पिशवी… पिशवी ठेवलीया न्हवं?”

“कुठं?”

“खोपीत. तुमीच ठेव म्हंटलासा की.”

अण्णांनी वर बघितलं. दत्तूच्या तोंडाकडं. क्षणभरच. त्या क्षणात त्यांना सगळं कळलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. आपला शब्द काय होता आणि ह्यानं काय ऐकला. मी असतो तर शिवी हासडली असती. अण्णा म्हणाले, “पळ. घीऊन ये. पळ, तमा.” तमा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ.

दत्तू पळाला. तो चढ तो कसा चढला त्याचा त्यालाच ठाऊक. इकडं अण्णांनी कमरेचं धोतर सोडलं, फाडलं, आवळलं. रक्तानं कापड बुळबुळीत झालं की गाठ सरकायची. पुन्हा आवळायचं, पुन्हा सरकायची. अण्णा नुसत्या चड्डीवर गुडघे टेकून बसले होते आणि त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. “लई गार लागालंय रे, बसू,” सर्जेराव म्हणाले. ते उन्हात होते. वाडीच्या माणसांनी घोंगड्याची झोळी केली. आम्ही उचलून वर निघालो, तेव्हा दत्तू पिशवी छातीशी धरून खाली धावत येत होता. ट्यूब बांधली. ती घट्ट बसली, अजिबात सरकली नाही. पण जीपमध्ये, गारगोटीचा दवाखाना यायच्या आत, सर्जेराव गेले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आवळून बांधलं असतं तर कदाचित. त्या एका ‘कदाचित’नं पुढं काय काय केलं!

बाराव्याला सर्जेरावांच्या दारात सगळी पेठ जमली होती. त्यांच्या थोरल्या भावानं सगळ्यांसमोर विचारलं, “मला एवढंच सांगा, पट्ट्यांची पिशवी असतीया ना तुमच्याजवळ? त्या दिवशी कुठं गेलती?”

दत्तूचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता. त्याला जे खरं वाटत होतं तेच तो बोलला. “अण्णांनी ठेव म्हंटलं, मी ठेवली.”

सगळ्या माना अण्णांकडं वळल्या. आणि का वळणार नाहीत? हे काढ, ते बिडु, वजन नको, हे त्यांचं वेड पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं? मी तोंड उघडलं. “नाही, अण्णा म्हणाले ते—” एवढंच म्हणालो असेन. अण्णांनी माझं मनगट धरलं. दोरखंड वळणारे हात ते. हाडापर्यंत कळ गेली.

“व्हय,” अण्णा म्हणाले. “मीच सांगिटलं. घळ उभी हुती, वझं नगं म्हणून मीच ठेवाय लावली. दत्तूची काय चूक न्हाय.”

आतल्या खोलीच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि आत गेल्या. कुणीतरी अण्णांच्या अंगावर धावून गेलं, कुणीतरी आवरलं. अण्णा मान खाली घालून चपला शोधत राहिले, त्या कुणीतरी लाथेनं लांब उडवल्या होत्या.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता. “अण्णा, हे काय केलंत? तुम्ही पिशवीत घाल म्हणालात. मी मधे बसलो होतो, मी ऐकलंय.”

“ऐकलायस न्हवं? मग आता बिडु.”

“का बिडु? दत्तूला शिक्षा करा असं मी म्हणत नाही. पण चूक कुणाचीच नव्हती, शब्दाची होती, हे तरी सांगू या!”

ते थांबले. “चूक कुणाचीच न्हाय म्हंटलं तर लोक ऐकत न्हाईत, फोटो. लोकांस्नी एक माणूस लागतोय. मी न्हाय म्हंटलं तर त्यो दत्तू. त्याच्या घरात म्हातारी हाय, बारकी पोरं हायत. सर्जावर त्याचा बापापरास जीव हुता. आपल्या हातनं पिशवी ऱ्हायली, आपल्यामुळं सर्जा गेला, आसं त्याच्या डोस्क्यात शिरलं तर त्यो हिरीत उडी टाकंल. आता त्याला वाटतंय म्हाताऱ्यानं सांगिटलं, मी ऐकलं. झोप तर लागती बिचाऱ्याला.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “शब्द दे. कुणाला बोलायचं न्हाय. अक्काला बी न्हाय.”

दिला शब्द. पुढची सगळी वर्षं तो मला खड्यासारखा टोचत राहिला.

अण्णांचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. तालमीचा मल्लखांबाचा दोर कायम त्यांच्याकडून जायचा, तो बंद झाला. ओळखीची गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जायला लागली. रस्त्यानं निघाले की मागून आवाज यायचा, “वजन कमी करणारा चालला बघा.” एका सकाळी कुणा नालायकानं त्यांच्या दुकानाच्या शटरला खाकी पिशवी टांगली. अण्णांनी ती काढली, हातानं चाचपली. “कापड चांगलं हाय की रं,” माझ्याकडं बघून म्हणाले आणि आत गेले. दुपारनंतर दुकान उघडलं नाही. भाऊबंदांत आधीच कुजबुज होती, ती आता तोंडावर आली. शिकाऱ्यांच्या नादी लागलास, आता भोग, असं म्हणाले. ते रानात पुन्हा कधी गेले नाहीत.

त्यांना खरं लागलं ते वहिनींचं. समोरून अण्णा येताना दिसले की त्या रस्ता ओलांडून पलीकडं जायच्या. एकदा भाजी मंडईत दोघं अगदी समोरासमोर आले. अण्णांनी हात जोडले. वहिनी त्यांच्याकडं न बघता भाजीवालीशी बोलत राहिल्या. अण्णा तसेच हात जोडून उभे. मी बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो वेगळा तवा वहिनींनी भंगारवाल्याला दिल्याचं नंतर कळलं. मी ते अण्णांना सांगितलं नाही, पण कुणीतरी सांगितलंच.

मी आठवड्यातून एकदा दुकानात जाऊन बसायचो. अण्णा मला चहा पाजायचे, स्टुडिओची चेष्टा करायचे, आणि उठायच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारायचे, “अक्का कशी हाय?” मी म्हणायचो, बरी आहे. कधी वैतागून म्हणायचो, “अण्णा, आता तरी सांगू का त्यांना?” त्यावर त्यांचं एकच उत्तर, “अक्काला सांगिटलास तर ती दत्तूला माफ करंल व्हय? आनि दत्तूला कळंल त्याचं काय?” दत्तू मात्र दर श्रावणात अण्णांना भेटायला यायचा. उचगावात घर बांधलं होतं त्यानं, पोरगा इंजिनिअरिंगला होता. अण्णा त्याला पेढा द्यायचे, पोरांची चौकशी करायचे. दत्तू लांब खुर्चीवर अवघडून बसायचा, मोठ्या मनानं भेटायला आल्यासारखा. माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

अण्णा दोन हजार सालाच्या नंतर, एका उन्हाळ्यात गेले. दुखणं फार नव्हतं. शेवटच्या दिवसांत मी जवळ बसलो होतो, तेव्हाही वहिनींची चौकशी झाली. मी खोटं बोललो. म्हणालो, “तुमची चौकशी करत होत्या.” अण्णांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि हसले. त्यांना माझं खोटं कळलं होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

लिंगायतांत दहन नसतं. माणसाला बसवून मातीत ठेवतात. स्वामींनी मंत्र म्हटले, अंगाला भस्म लावलं, बेलपानं वाहिली. खड्ड्यात अण्णा मांडी घालून बसले होते. माणसं फारशी नव्हती. पेठेतून मी आणि दोघे-तिघे. वहिनी आल्या नाहीत. एकेकजण पुढं होऊन मूठमूठ माती टाकत होता, तेवढ्यात दत्तू आला. केस पांढरे झालेले, बरोबर उंच झालेला मुलगा. होती ती माणसं बाजूला सरली. दत्तूनं माती उचलली आणि त्याला हुंदका आवरेना.

“अण्णा,” तो मोठ्यानं म्हणाला, “माझ्या मनात काय न्हाय हो. मानूस म्हंटल्यावर चुकतोय. तुमी ठेव म्हंटलासा त्ये मी कवाच इसरलोय. मी माफ केलंय तुमास्नी.”

माती पडली. माझ्या मागं एकजण हळू आवाजात म्हणाला, “किती मोठं मन!” खरं सांगून टाकायला माझे ओठ उघडले होते. दत्तूचा मुलगा बापाला खांद्याला धरून उभा होता, बापाकडं अभिमानानं बघत होता. दत्तू वळला, त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात मातीनं भरलेले होते.

“तुमी बी माफ करा की त्यास्नी,” तो म्हणाला. “आता तरी.”

मी म्हणालो, “केलं.”